अंजनाचा ओंडका आणि विहीणबाईंचा झोका

फाल्गुन शुद्ध ५, शके १८५६

वहीबाईस अभिमनचा राम राम.

तुझी तब्येत बरी असेलच. कोरी आहेस तोवर दुखणं कसलं? माझ्या धुरपदाचा गुडघा बरा आहे, फक्त मी बोलायला लागलो की दुखतो. ढवळ्या बैलाचा खूर भरून आला. शेजारच्या वनाचा खोकला तसाच आहे, पण तो गेला तर वना आला हे आम्हाला कळणार कसं, म्हणून राहू दे. शेळी ठीक. लेक सुगंधा यावलला सासरी सुखात असेल असं धरून चालतो. एकट्या तुळईची तब्येत बरी नाही. तिच्यावर बोट वाजवलं की भाजलेल्या पापडासारखी वाजते. आतून वाळवीने खाल्ली आहे बिचारी.

मला लिहिणं कोणी शिकवलं नाही. दोंडाईच्याच्या स्टेशनातल्या पाट्या बघून बघून अक्षरं जमवली, म्हणून माझं अक्षर पाटीएवढं येतं. सांभाळून घे. आजवर फक्त पत्रं लिहिली, म्हणून हे असं सुरू झालं. तू सुगंधाची शाळेतली उरलेली वही. गेल्या महिन्यात सासरी निघताना तिनेच तुला माझ्या हातात दिलं. म्हणाली, "आबा, मी नही ते कोनसंगे बोलशात? येमा लिखत जा." मग गाडीत बसून एवढी रडली की बैलसुद्धा मागे वळून बघायला लागले.

आता मुद्द्याचं. लग्नाच्या पंगतीत विहीणबाई भिकुबाई म्हणाल्या, "आमच्या घराले वर सारा साग हाये." मला राहवलं नाही. मी बोलून गेलो, "आखाजीला लेकीला घेऊन या. नवी खोली बांधतो. घराच्या आत झोका टांगलेला असेल. तुम्हीसुद्धा बसा." साऱ्या पंगतीने जेवण थांबवलं. भिकुबाईंनी डोळे बारीक केले. "येते. मी सोता बसून पाहीन. झोका खरा निघाला तर पोरगी मिरगापर्यंत ठेवा. नाही तर आखाजीचं जेवण झालं की घिऊन जाते."

आखाजी म्हणजे अक्षय तृतीया, लेकींनी माहेरी येऊन झोका घ्यायचा सण; तिथून मिरगाच्या पावसापर्यंत महिनाभर लेक घरात. बोलून तर बसलो. खोली नाही, नुसत्या जुन्या भिंती; तुळई नाही, ती वाळवीने खाल्लेली; दोर आहे.

फाल्गुन शुद्ध ९

दोंडाईच्याला लाकडाच्या वखारीत गेलो. मी लाकूड वाजवून ओळखतो. बोटाने तीनदा ठोकायचं, कान लावायचा, वास घ्यायचा, आणि फारच शंका आली तर जिभेचं टोक लावायचं. वखारवाले लीलाधर शेठ म्हणाले, "अभिमनभाऊ, चाटून झालं असेल तर सागाची तुळई दाखवतो. सरळ, हलकी, किडा लागत नाही."

"हलकी नको," मी म्हटलं. "आमच्या विहीणबाई तुम्ही पाहिल्या नाहीत."

मी त्यांना माघाच्या थंडीत पाहिलं आहे. बैलगाडीतून उतरल्या तेव्हा गाडी वीतभर वर उचलली गेली. त्या वजनाचा हिशेब करून मी अंजनाचा ओंडका पसंत केला. अंजन म्हणजे लोखंडाचा सख्खा भाऊ. वाजवला तर वाजलाच नाही, उलट माझं बोट वाजलं. शेठ म्हणाले, "विचार करा हं, हा पडून आहे, कारण तो कुणालाच हलवता आलेला नाही." गिऱ्हाईक पक्कं व्हावं म्हणून वखारवाले असंच बोलतात, मला माहीत आहे.

खांब मात्र सागाचे घेतले, दोन. एक तर काय सांगू! फांदी जिथे होती तिथे बोटभर खुंट राहिला आहे, छान वर झुकलेला. पागोटं अडकवायला देवाने दिलेली खुंटी. रंधा मारताना तो खुंट सोडायचा, असं ठरवून टाकलं.

खांब झाडासारखाच उभा करायचा असतो, बुडखा खाली, शेंडा वर. उलटा उभा केला तर घरी आलेली लेक उलट्या पावली जाते, असं आमची माय सांगायची. म्हणून ओळख राहावी म्हणून पहिल्या, खुंटीवाल्या खांबाच्या शेंड्याला गेरू फासला. शेठ म्हणाले, रीत बुडख्याला फासायची आहे. बरं, म्हणून दुसऱ्याच्या बुडख्याला फासला. पहिल्याचा पुसायचा आहे. घरी गेल्यावर पुसतो.

फाल्गुन शुद्ध १३

अंजन आला. गावाबाहेरच्या नदीच्या वाळूत गाडीचा आस मोडला. मग गावातल्या बैलजोड्या लावल्या, तेव्हा कुठे दारापर्यंत सरकला. ओंडका आडवा होऊन बरोबर उंबऱ्यासमोर बसला आणि तिथेच राहिला. आता घरात शिरायचं तर त्याच्यावर चढून उतरावं लागतं.

वना खोकत आला. "आबा, हाई काय शे? लाकूड शे का डोंगर?"

धुरपदा दारात उभी राहून बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, "आते ह्या पाव्हणाले रोज च्या देवा का?"

मोठी कामं करणाऱ्याला घरचे हसतातच. धुरपदा मात्र नंतर लुगड्याच्या पदराने भिंतीपासून भिंत मोजत होती. विचारलं तर म्हणे, जाळी काढतेय.

खांब मागच्या अंगणात निंबाला टेकवून ठेवले. या गडबडीत काहीतरी करायचं राहिलं आहे. आठवेल.

फाल्गुन वद्य १, धुळवड

काल होळी. आमच्याकडे होळीसाठी लाकडं चोरायची रीत आहे, आणि चोरलेलं एकदा होळीत पडलं की मालकाने हसून सोडायचं. माझी मोडकी बाज गेल्या साली अशीच गेली. म्हणून संध्याकाळपासून ओंडक्यावर बसून पहारा केला. गावची सगळी तरणी मंडळी आली. जोर लावला, आरोळ्या ठोकल्या, एकाचं धोतर फाटलं. ओंडका हलला नाही. शेवटी त्यांनी मला विचारलं, "आबा, कुऱ्हाड शे का?" दिली. कुऱ्हाडीचा दांडा मोडला. मग ते सगळे ओंडक्यावर बसून दमले आणि धुरपदाने त्यांना पाणी दिलं.

मला वाटलं, न्यावा एकदाचा. असा विचार मनात यायला नको होता, पण आला. तुला खोटं कशाला सांगू?

फाल्गुन वद्य ६

आजपासून पितांबर मिस्तरी कामाला. हाताखाली माणूस नाही, तोंडही नाही. गुपचूप काम करणारा सुतार. ओंडक्याला करवत लावली. दुपारी माझ्यासमोर येऊन उभा राहिला आणि करवत दाखवली.

"मनी करवतना दात पडी गयात, आबा."

"दुसरी आण."

"तीच दुसरी शे."

मी सांगितलं, अंजनाला धीर लागतो. तो म्हणाला, धीर आहे, करवत नाही. मग स्वैपाकघराच्या दारात जाऊन धुरपदाशी काहीतरी बोलत बसला. करवतीला तेल मागत असणार. एवढा वेळ तेल मागायला लागतो हे मला नव्हतं माहीत.

चैत्र शुद्ध १, शके १८५७

गुढी उभारली. गुढीची काठी ओंडक्याला टेकवून बांधली, सोय झाली.

आज एक नवल घडलं. धुरपदाचा भाऊ शिंदखेड्याहून गाडी घेऊन आला आणि गाडीत सागाची तुळई! म्हणे, त्याच्या गोठ्यासाठी कापली होती, जास्त झाली. आमच्या खोलीत धरून पाहिली तर अशी बसली, जणू माप घेऊन कापली. पितांबर मान हलवून म्हणाला, "देवनी करणी." धुरपदाने आभाळाकडे बघून हात जोडले. मला वाटतं तिला हसू येत होतं, पण सणाचा दिवस आहे, आनंदाचंच असेल.

मी आधी नाही म्हटलं. अंजन सोडून साग घेणं म्हणजे विहीणबाईंच्या वजनाचा अपमान. पण मेहुण्याने एवढ्या लांबून आणली, आणि नाही म्हटलं तर त्याला वाईट वाटलं असतं. घेतली. अंजन पुढच्या कामाला राहू दे.

चैत्र शुद्ध ९

खांब उभे राहिले! नारळ फोडला, हळदकुंकू वाहिलं, खड्ड्यात चांदीचा बारका तुकडा टाकला. मी जातीने उभा राहून हुकूम दिले. "गेरूची बाजू खाली. दोन्हींची."

पितांबर एका खांबाच्या खुंटाकडे बघून काहीतरी बोलायला तोंड उघडत होता. मी म्हटलं, "तोंड बंद, खांब वर." मिस्तरी लोकांना मध्ये बोलू दिलं की काम रेंगाळतं.

वर तुळई चढली. आता आडवी लाकडं, त्यावर काटक्या, पाला, आणि मग धाब्याची, म्हणजे सपाट मातीच्या छपराची, खारी माती. ती थापून बसली की पाऊस आत येत नाही. आखाजीला अजून वेळ आहे. मी समाधानाने पागोटं काढून खुंटीला अडकवलं आणि ते पडलं. वारा सुटला होता.

चैत्र वद्य ४

धाबं झालं. बायकांनी माती तुडवली, गाणी म्हटली, गूळ वाटला. दोर टांगला, पाट बांधला. वना झोक्यावर बसला आणि झोपला. त्याचा खोकला झोक्याच्या तालावर येतो, ऐकायला बरं वाटतं.

पागोटं पुन्हा पडलं. वारा नव्हता. आता मला पागोट्याचाच संशय येतो. नवीन आहे, कापड निसरडं असेल. धुरपदाला विचारलं. ती माझ्याकडे बघत राहिली, मग खुंटीकडे, मग पुन्हा माझ्याकडे. म्हणाली, "डोकावरच ऱ्हाऊ द्या. तठे ते पडत नही."

चैत्र वद्य ११

वहीबाई, माझं डोकं ठिकाणावर नाही.

सकाळी पागोटं खुंटीला लावलं, पडलं. उचललं, लावलं, पडलं. वना झोक्यावरून बघत होता. मग म्हणाला, "आबा, एक इचारू? झाडन्या फांद्या खाले वाढतस का?"

"तुझं डोकं वाढतं खाली. का?"

"तुमनी खुंटी खाले पाहत शे."

मी बघितलं. खुंटी खाली बघत होती. वखारीत वर बघत होती. मग मला गेरू आठवला. शेंड्याला फासलेला, पुसायचा राहिलेला. आणि मीच ओरडून सांगितलं होतं, दोन्हींची गेरूची बाजू खाली.

खांब उलटा आहे. माझ्या लेकीची पहिली आखाजी, आणि खांब उलटा! भिकुबाई झोक्यावर बसणार, तोंड वाकडं करणार, आणि माझी सुगंधा उंबऱ्यातूनच उलट पावली जाणार. मायचं बोलणं कधी खोटं झालं नाही. पितांबरला ओरडून बोलावलं आणि म्हटलं, खांब काढ, फिरव, पुन्हा लाव.

"आबा, खांब काढा ते धाबं मना डोकावर ई. मंग तुमले दुसरा मिस्तरी लागी, आणि माले तुमनी अंजननी तिरडी."

"अंजनाची तिरडी उचलणार कोण?" वना म्हणाला. दोघं हसले. मी ओंडक्यावर जाऊन बसलो. जेवलो नाही. धुरपदा भाकरी घेऊन आली, बाजूला बसली. म्हणाली, "वनाना डोळास्ले कधी नीट दिसनं? सकाय उठीसन देखा."

मी म्हटलं, लाकूड सकाळी बदलत नसतं.

"देखा ते खरं," म्हणाली.

चैत्र वद्य १२

काय लिहू! बदललं!

सकाळी धुरपदाने मला पाहुण्यांसाठी आंबे बघायला गावकुसाबाहेरच्या आमराईत पाठवलं. झाडावरचे सगळे कच्चे आंबे वाजवून यायला सांगितलं. ऊन चढेपर्यंत वाजवले. घरी येऊन बघतो तर खुंटी वर बघत होती. पागोटं लावलं. राहिलं. पुन्हा लावलं, राहिलं. मी ते किती वेळा लावलं ते सांगायला लाज वाटते.

म्हणजे खांब सरळच होता. वनालाच चुकीचं दिसलं, आणि त्याचं बघून मला दिसलं. ही असली गोष्ट साथीसारखी पसरते. वनाला बोलावून दाखवलं. तो खुंटीला नाक लावून वास घेत म्हणाला, "नवा लाकडना वास येस." मी म्हटलं, घरच नवं आहे, कशाचा येणार?

खुंटीच्या खाली खांबावर धुरपदाने गेरूने छान चित्र काढलं आहे. झोका, झोक्यावर मुलगी. गेरू अजून ओला होता, हात लावला तर डाग पडला. पितांबरला आज तिने पुरणपोळी वाढली, सण नसताना. तो घाईने खात होता आणि त्याच्या मिशीत लाकडाचा भुसा होता. या माणसाला कामाची फार हौस. काम नसतानाही भुसा लावून घेतो.

वैशाख शुद्ध २

उद्या आखाजी. आज गाडी येणार. पूर्वजांच्या नावाने पाणी घालायला नवी घागर आणली. सांजोऱ्या तळून झाल्या. मी सकाळपासून ओंडक्यावर चढून रस्ता बघतो आहे. ओंडक्याचा हा एक उपयोग, गावात माझ्याएवढं लांबचं कोणाला दिसत नाही.

संध्याकाळी.

आले. सुगंधा गाडीतून उडी मारून उतरली आणि आधी ओंडक्याला आपटली, मग माझ्या गळ्यात पडली. "आबा, हाई काय?" म्हणाली. "अंजन," म्हटलं. "कसाले?" म्हणाली. ते नंतर सांगतो म्हटलं. तिची मनगटं बारीक झाली आहेत. सासरी सुखात असेल असं धरून चाललो होतो. तिच्या मायने ती मनगटं हातात धरली ती सोडलीच नाहीत.

आणि भिकुबाई! वहीबाई, मी काय सांगू तुला! गाडीतून काठीसारखी एक बाई उतरली. मी मागे बघत राहिलो, विहीणबाई कुठे म्हणून. त्याच विहीणबाई! माघात अंगावर दोन शाली, एक घोंगडी आणि जावेची गोधडी होती म्हणे, हिवतापातून उठल्या होत्या. आणि गाडी वर उचलली गेली ती त्यांच्यामागून वऱ्हाडाची तांब्यापितळेची भांडी उतरली म्हणून. झोक्याला तर निंबाची डहाळीसुद्धा चालली असती.

वैशाख शुद्ध ३, आखाजी

सगळं सांगतो.

जेवण झालं, पितांबरलाही धुरपदाने बोलावलं होतं. भिकुबाई हात धुऊन उठल्या, पदर खोचला, आणि म्हणाल्या, "कुठी हाये तो झोका?" सुगंधाने माझ्याकडे बघितलं. तिचा चेहरा असा झाला होता, जणू तिचं गाठोडं कोणीतरी गाडीत परत चढवतंय. बाहेर गाडीवान बैलांना चारा टाकत होता, निघायचं असेल तर निघायला तयार.

भिकुबाईंनी आधी खांब पाहिले. खुंटी पाहिली. माझं पागोटं काढून हातात घेतलं, पुन्हा खुंटीला लावलं. मी श्वास धरला. राहिलं. धुरपदाने आणि पितांबरने एकदमच श्वास सोडला. त्यांनी का धरला होता देव जाणे.

मग तुळई पाहिली. "साग," म्हणाल्या. मग टाचा उंचावून बोटाने तीनदा वाजवली! मी चकित झालो. माझी रीत! मग झोक्यावर बसल्या. दोर करकरला. पाय जमिनीवर टेकवून बसल्या, झोका घेईनात. आम्ही सगळे भिंतीला लागून उभे, वनासुद्धा खोकला दाबून.

सुगंधा हळूच म्हणाली, "आत्याबाई, ढकलू का?"

"नको," म्हणाल्या. "मले येते."

आणि त्यांनी पाय उचलले. आधी थोडा, मग मोठा, मग एवढा मोठा की खांबावरचं पागोटं वाऱ्याने हलायला लागलं. डोळे मिटले होते. ओठ हलत होते. आधी वाटलं, चक्कर आली. पण त्या गात होत्या. आखाजीचं गाणं, त्यांच्या बाजूच्या बोलीतलं. धुरपदाने दुसऱ्या ओळीला साथ दिली, शब्द वेगळे, चाल तीच. मग सुगंधाने.

झोका थांबला तेव्हा म्हणाल्या, "माह्या बापानं बांधला होता. मंग लगीन झालं, मायबाप गेले. कोनी बांधलाच नाही." मग डोळे पुसले आणि लगेच माझ्याकडे बघून म्हणाल्या, "दोर थोडा वर घ्या. पाय घासतात."

बाहेर जाऊन गाडीवानाला सांगितलं, "तू जाय. बैल घिऊन जाय. आम्ही मिरगाले येऊ."

आम्ही! ऐकलंस ना? सुगंधा मायच्या कुशीत घुसली. माझं बोलणं खरं झालं. खांब सरळ होता म्हणून. उलटा असता तर आज काय झालं असतं, विचारसुद्धा करवत नाही.

वैशाख शुद्ध १०

वहीबाई, सगळे ठीक. धुरपदाचा गुडघा दुखत नाही, कारण मी तिच्याशी बोलायला जातो तेव्हा ती लेकीशी बोलत असते. सुगंधाची मनगटं पुरणाने भरत चालली आहेत. ढवळ्या बरा. वनाचा खोकला आहेच. शेळी ओंडक्यावर चढून उभी राहते आणि तिलाही लांबचं दिसतं. भिकुबाईंची तब्येत तर काय सांगू, गाल आले आहेत.

एकच अडचण आहे. सात दिवस झाले, त्या झोक्यावरून उतरत नाहीत. सांजोरी तिथेच, रस तिथेच, डुलकी तिथेच. सुगंधाला अजून पाळी मिळाली नाही. ती बाहेर अंजनाच्या ओंडक्यावर मायशी गुजगोष्टी करत बसते, दोघी हसतात, मी गेलो की गप्प होतात आणि खुंटीकडे बघून पुन्हा हसतात. लेक ओंडक्यावर आणि विहीण झोक्यावर, हे काही बरोबर नाही.

म्हणून मी ठरवलं आहे. शेजारी आणखी एक खोली काढायची, तिच्यात दुसरा झोका. आणि या खेपेला तुळई अंजनाचीच. आयतीच दारात आहे. पितांबरला निरोप पाठवला तर तो घरी नाही असं त्याने स्वतःच दारातून सांगितलं. धुरपदाला सांगितलं तर तिने मेहुण्याला निरोप धाडला आणि पुन्हा पदराने जाळी काढायला लागली.

मिरगापर्यंत लेकीला झोका मिळायला हवा. तुझं मत काय ते कळव. एवढी पानं मी लिहिली, तुझ्याकडून अजून एक ओळ नाही. वाट बघतो आहे. उत्तर लवकर पाठव.

तुझा,
अभिमन